जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळे धडधाकट चालणारे कित्येक लॅपटॉप बाद ठरले. ते विकण्याआधी त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली घालून पाहा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्यावर डेबियन, उबुंटू, फेडोरा अशा कितीतरी प्रणाली उभ्या राहिल्या आणि एवढ्या नावांनी नवखा माणूस बिचकतो. घरगुती वापरासाठी मी लिनक्स मिंट सुचवेन. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू; विंडोजची सवय असलेल्याला चाचपडावं लागत नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. रॅम चार जीबी असली तर बरं. यंत्र फारच जुनं असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

मात्र त्याआधी आपण संगणकावर काय काय करतो, ते लिहून काढा. ब्राउझरमधली बहुतेक कामं फायरफॉक्सवर होतात, पत्रं आणि हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये. टॅली मात्र विंडोजसाठीच बनतं. आणि मराठीत लिहिणाऱ्यांची खरी अडचण फॉन्टची आहे. युनिकोडमधलं लेखन जसंच्या तसं उघडतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडलं की टायपिंग सुरू. पण वर्षानुवर्षांचा मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसताना पडद्यावर निरर्थक अक्षरं दिसतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. ज्यांचं डीटीपीचं पोटापाण्याचं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्यांनी ते यंत्र विंडोजवरून हलवू नये.

मिंटची फाइल एचर या प्रोग्रॅमने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली की लॅपटॉप त्यावरूनच सुरू करता येतो. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वेग थोडा कमी जाणवेल, पण वाय-फाय, आवाज, टचपॅड आणि विशेषतः प्रिंटर चालतो का, हे इथेच कळतं. दोन-चार दिवस असं वापरून मगच इन्स्टॉल करा. त्या वेळी विंडोज शेजारी ठेवायचं की सगळी डिस्क पुसायची, असं विचारलं जातं. दुसरा पर्याय निवडण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून, तिथून ती उघडताहेत ना, हे तपासून घ्या.