उशिरा आलेले प्रेक्षक

पूर्वरंग चुकलेला एखादा श्रोता उत्तररंगांत येऊन बुवांशीं वाद घालूं लागला, तर आपण हंसून त्यास खालीं बसवितों. इंग्लंडांत १९७९ सालीं असाच प्रकार घडला. पण तो हंसण्यावारी गेला नाहीं.

'मॉन्टी पायथन' या विनोदी नटमंडळीनें त्या वर्षीं 'लाइफ ऑफ ब्रायन' हा चित्रपट काढला. येशूच्या शेजारच्याच गोठ्यांत जन्मलेल्या ब्रायनला लोक अवतारी पुरुष समजून त्याची पाठ पुरवितात, अशी कथा. येशू आरंभीं डोंगरावर प्रवचन करतांना दिसतो. त्याची थट्टा तेथें नाहीं. थट्टा आहे ती मागें उभें राहून भलतेंच ऐकणाऱ्या गर्दीची. तरीहि ई.एम.आय. कंपनीनें ऐन वेळीं भांडवल काढून घेतलें आणि 'बीटल्स'पैकीं जॉर्ज हॅरिसन यानें पैसा उभा केला, म्हणून चित्रपट निघाला. कंपनीचें भय अगदींच पोकळ नव्हतें. ईश्वरनिंदेबद्दल लंडनच्या न्यायालयानें १९७७ सालींच एका नियतकालिकास दोषी ठरविलें होतें. तो कायदा रद्द झाला २००८ सालीं!

९ नोव्हेंबर १९७९ रोजीं बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर जॉन क्लीज व मायकेल पेलिन या नटांसमोर पत्रकार माल्कम मगरिज व सदर्कचे बिशप मर्व्हिन स्टॉकवुड वादास बसले. त्यांचें दुःख खोटें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. देवघर असलेल्या घरांत वाढलेल्यांस तें सहज समजतें. परंतु पुढें उघड झालें कीं, चित्रपटाच्या खेळाला हे गृहस्थ उशिरा पोहोंचले होते व पहिलीं सुमारें १५ मिनिटें त्यांनीं पाहिलींच नव्हतीं. ब्रायन निराळा व येशू निराळा, हें त्याच भागांत दाखविलें आहे!

तरी त्यांनीं समोरासमोर बसून वाद केला, हें मान्य केलें पाहिजे. आमची तक्रार आहे ती नगरसभांविषयीं. सेन्सॉर मंडळानें १४ वर्षांवरील प्रेक्षकांस परवानगी दिली असतां कित्येक नगरसभांनीं आपल्या अधिकारांत बंदी घातली. त्यांतील कांहींच्या हद्दींत चित्रपटगृहच नव्हतें. नॉर्वेनेंहि बंदी घातली, तेव्हां शेजारच्या स्वीडनांत 'नॉर्वेनें बंदी घातली इतका विनोदी' अशी जाहिरात झळकली. आयर्लंडमधील बंदी १९८७ सालीं उठली. वेल्समधील स्वान्सी शहरानें मात्र ती १९९७ पर्यंत चालविली; चित्रपटाच्या वर्षीं जन्मलेलीं तेथील मुलें तोंवर अठरा वर्षांचीं झालीं होतीं.