वजनावर कोरलेलं नाव

जेरुसलेमचं मंदिर रोमन फौजेने इ.स. 70 मध्ये जाळलं. त्या टेकडीवर आज मुस्लिमांची पवित्र स्थळं आहेत, त्यामुळे तिथे कुदळ लागणं शक्य नाही. तिथे बळी अर्पण करणाऱ्या याजकांचा, म्हणजे कोहेनांचा, माग घरांत आणि थडग्यांतच काढावा लागतो. तो काढत गेलं की एक गोष्ट ठळक दिसते: याजकपण ही नेमणुकीपेक्षा कुळाची ओळख होती. 1970 मध्ये पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांना जुन्या शहरात इ.स. 70 च्याच आगीत खाक झालेलं एक घर सापडलं. राखेत दगडी भांडी होती, विधिस्नानाचं कुंड होतं आणि एका तरुणीच्या हाताची हाडं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे दगडाला विटाळ लागत नाही. तेवढ्यावरून हे याजकाचंच घर, असं म्हणण्याचा मोह होतो. पण अशी भांडी आणि कुंडं गालीलातल्या खेड्यांतही निघाली आहेत, आणि सोवळं पाळणारे सगळेच काही याजक नव्हते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. खरं बोलकं आहे ते एक दगडी वजन. त्यावर अरामी भाषेत ‘बार काथरोस’, म्हणजे काथरोसचा मुलगा, असं कोरलंय. यहुदी धर्मग्रंथ ताल्मूदमध्ये ज्या याजक घराण्यांच्या अरेरावीबद्दल कळवळून तक्रार केली आहे, त्यांत हे नाव येतं. वजन एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकतं, तेव्हा घर त्यांचंच होतं अशी शपथ घेता येणार नाही. तरी ग्रंथातलं घराणं रोजच्या वापरातल्या वस्तूवर भेटतं, हे फार मोलाचं.

नावावर विसंबायचं तर ते नाव खरं हवं. इस्रायल म्युझियमने 1988 मध्ये साडेपाच लाख डॉलर मोजून घेतलेल्या हस्तिदंती डाळिंबावर याजकांचा उल्लेख होता. 2004 मध्ये ती अक्षरं बनावट असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. बाजारातून आलेली वस्तू म्हणूनच बाजूला ठेवावी. उत्खननात निघालेला थेओदोतोसचा ग्रीक शिलालेख मात्र भक्कम आहे. सभास्थान (सिनेगॉग) बांधणारा हा माणूस स्वतःला आधी याजक म्हणवतो, मग सभास्थानाचा प्रमुख. सभास्थानात बळी नव्हते, धर्मशास्त्राचं वाचन होतं, तरी त्याचं याजकपण तिथेही त्याच्याबरोबर आहे. मंदिर गेल्यावर ते संपलं असेल, असं कोणी म्हणेल. पण 1962 मध्ये सीझेरियात संगमरवराचे तुकडे निघाले, मंदिर पडल्यानंतर दोन-तीनशे वर्षांनी कोरलेले. त्यांवर याजक घराण्यांच्या मंदिरसेवेच्या 24 पाळ्या आणि प्रत्येक घराण्याचं गालीलातलं गाव अशी यादी होती. तेवढ्याने ती घराणी खरोखर त्या गावांत नांदत होती असं सिद्ध होत नाही, हे बरोबर. पण अशीच यादी येमेनमधल्या बैत हादिरच्या खांबावरही आहे. सेवेला मंदिरच नसताना, इतक्या दूर, कुठलं घराणं कुठल्या पाळीचं हे लोकांना दगडात जपावंसं वाटलं. सीझेरियाच्या एका तुकड्यावर नाझरेथचं नाव टिकलं आहे. यादीच्या क्रमाने ती अठराव्या पाळीची, हप्पिस्सेस घराण्याची जागा.