तेलाचे देणे आणि विकासाचा हिशेब

ऑक्टोबर १९७३ च्या प्रारंभी पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला खनिज तेलाचा भाव जानेवारी १९७४ पर्यंत जवळजवळ चौपट झाला. विकासाचा दर योजना भवनात ठरविता येत असला, तरी त्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे मोल परकीय चलनात चुकवावे लागते, ही गोष्ट त्या हिवाळ्यात विकसनशील देशांना प्रथमच पुरती उमगली.

ऊर्जा आणि विकास यांपैकी कारण कोणते व कार्य कोणते, हा अर्थशास्त्रातील जुना वाद होय. उत्पन्न वाढते म्हणून ऊर्जेचा वापर वाढतो, उलट नव्हे, असा निष्कर्ष १९७८ साली क्राफ्ट आणि क्राफ्ट यांनी अमेरिकेच्या आकडेवारीवरून काढला. पुढील अभ्यासांनी देशागणिक निराळी उत्तरे दिली. यात नवल नाही. व्यापार हे तिसरे पद घातल्याखेरीज भारतासारख्या देशाचे समीकरण सुटतच नाही.

मुंबई हायचे तेल १९७६ पासून मिळू लागले आणि ऐंशीच्या दशकात त्याचा मोठा आधार झाला. परंतु दशक संपता संपता उत्पादन थबकले आणि मागणी मात्र वाढतच राहिली. अशा वेळी ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले. तेल भडकले, कुवेतमधील भारतीय नोकऱ्या सोडून परतले आणि जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण टाकावे लागले. अंदाजपत्रकी तूट आणि अल्पमुदतीची कर्जे यांचाही त्यात वाटा होताच. घाव मात्र तेलाने घातला. जपानही जवळजवळ सगळे तेल आयात करतो. १९७३ नंतर तोही डळमळला, पण सावरला. कारण त्या तेलावर घडलेल्या मोटारी आणि यंत्रे जगभर खपत होती.

तेव्हा किती ऊर्जा वापरली यापेक्षा ती वापरून काय विकले, हे पाहणे अगत्याचे ठरते. एक टन ॲल्युमिनियम गाळण्यास सुमारे १४,००० युनिट वीज लागते. ते निर्यात करणे म्हणजे एका अर्थी कोळसाच निर्यात करणे, आणि राख तेवढी मागे ठेवणे. (साखरेच्या पोत्यातून स्वस्त विजेने उपसलेले पाणीही असेच परदेशी जाते, पण तो विषय महाराष्ट्रात कोणालाच रुचत नाही.) युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून अशा मालावर कार्बनचा आकार लागू केला आहे.

आणखी एक गोष्ट या गणितात सुटते. २०२३-२४ मध्ये देशात वापरलेल्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात झालेला होता. सिलिंडर महागला, की खेड्यातील गृहिणी पुन्हा सरपणाकडे वळते. तिने वेचलेल्या काटक्या आयातीच्या हिशेबात येत नाहीत, आणि त्या महिन्यात तेवढे परकीय चलन वाचल्याची नोंद होते.