सगळं ‘प्ले’ होतं म्हणे!

लग्नाच्या व्हीसीडीज, कॉलेजात ‘बर्न’ केलेले सिनेमे आणि कालचा पेनड्राइव्ह... एकच प्लेअर या सगळ्यांना पुरेल? नवी पेठेत मिळालेला हा धडा तुमच्याही कामी येईल!

“अरे, ताईच्या लग्नाची सीडी लावून दे की.”

दिवाळीला हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला घरी पोचलो आणि आईनं पहिली फर्माईश केली. लग्न २००४ चं. तीन व्हीसीडीज. त्यात बाबा आहेत, चालते-बोलते. आता बाबा नाहीत आणि घरात त्यांचा आवाज फक्त त्या तीन तबकड्यांवर आहे. जुना प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. झाली ना पंचाईत?

म्हटलं, त्यात काय! केला एक ऑनलाइन ऑर्डर. खोक्यावर ठसठशीत लिहिलेलं, ‘ऑल फॉरमॅट सपोर्ट’. घरी आल्यावर कळलं, ‘ऑल’ म्हणजे त्यांचं ‘ऑल’, आपलं नव्हे. व्हीसीडी अडकत अडकत चालली, माझे इंजिनीअरिंगच्या दिवसांतले सिनेमे दिसलेच नाहीत आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलचा आवाज आला, चित्र गायब!

डबा वेगळा, भाजी वेगळी

गोची कुठे होते? फाइलचं नाव म्हणजे नुसता डबा. एव्हीआय, एमकेव्ही, एमपी-४ हे सगळे डबे. आत शेंगाचटणी आहे की पिठलं, ते झाकण उघडल्यावरच कळणार. आतल्या मालाला म्हणतात कोडेक आणि प्लेअरला पचवायचा असतो तो हा माल.

व्हीसीडीत असतो एमपेग-१. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीत एमपेग-२, ७२० बाय ५७६. मग आला डिव्हएक्स आणि त्याचा फुकटातला भाऊ एक्सव्हिड. या दोघांनी अख्खा सिनेमा ७०० एमबीच्या एका सीडीत बसवला आणि हॉस्टेलं धन्य झाली. आमच्या सोलापुरात तर मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड, सगळ्याच सिनेमांच्या सीडीज घरोघरी फिरायच्या. लोडशेडिंगच्या आधी क्लायमॅक्स संपवायची ती शर्यत आठवतेय ना? हल्लीच्या फाइलींत मात्र एच.२६४ किंवा एच.२६५ असतं. डिव्हएक्सचा स्टिकर लावलेला साधा डीव्हीडी प्लेअर त्यांच्यापुढे हात टेकतो.

“मग सरळ महागडा ब्ल्यू-रे घे,” मित्राचा सल्ला. थांबा, बॉस! ब्ल्यू-रे प्लेअर व्हीसीडी वाचेलच याची खात्री नाही. शिवाय हे मार्केटच आता आटलंय. नावाजलेल्या ओप्पो डिजिटलनं २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं. २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकून धमाल उडवणारी आपली मोझर बेअरही त्याच वर्षी दिवाळखोरीत निघाली.

काकांचा फंडा

शेवटी डिस्कची पिशवी काखोटीला मारून नवी पेठ गाठली. एका छोट्या दुकानातल्या काकांनी कोपऱ्यातला साधा डीव्हीडी प्लेअर पुसून पुढे ठेवला.

“स्टिकर कशाला वाचताय? आधी लावून बघा की, मग पैसे द्या.”

लावून बघितलं. व्हीसीडी, ओके. डिव्हएक्सच्या सहा सीडींपैकी पाच, ओके. आतेभावाच्या हँडीकॅमची गड्ड्याच्या जत्रेची छोटी डीव्हीडी मात्र उघडेना. “फायनलाइज केली नसणार. ज्या कॅमेऱ्यात काढली, त्यातच करा,” काका म्हणाले. एच.२६५ ला त्यानंही नकार दिला, पण ते काम टीव्हीच्या यूएसबीवर भागतं. म्हटलं, हाच घ्यायचा!

खरेदीआधी एवढं बघाच

• स्वतःच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह दुकानात घेऊन जा. दहा मिनिटं तरी चालवा.
• मागे एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही जोडण्या आहेत का? अनेक नव्या टीव्हींना लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागाच नसते.
• पेनड्राइव्ह ‘फॅट ३२’ मध्ये फॉरमॅट करा. मात्र ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात बसत नाही.
• जुन्या व्हिडिओसाठी स्क्रीन ४:३ वर ठेवा. नाहीतर लग्नातले सगळे पाहुणे जाडे दिसतील!

आणि बाबा बोलले

संध्याकाळी दुसरी व्हीसीडी लावली. ४३ इंची टीव्हीवर चित्र पुसट, पण आवाज खणखणीत. बाबा कॅमेरावाल्याला दटावत होते, “अहो, शूटिंग राहू द्या, आधी पंगत वाढा!” आई हसली, मग पदर डोळ्यांना लावला. “परत लाव,” म्हणाली.

तिसरी डिस्क मधेच अडली. घरी बर्न केलेल्या सीडीचा रंगाचा थर वर्षांनुवर्षांत खराब होतो, त्याला कुठलाच प्लेअर काही करू शकत नाही. त्याच रात्री मित्राचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. व्हीसीडीच्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधल्या डॅट फाइली लॅपटॉपवर उतरवल्या, व्हीएलसीवर चालवून बघितल्या आणि एक कॉपी ताईकडे पाठवली. तिसऱ्या डिस्कमधलं निम्मंच हाती लागलं.

तेव्हा मंडळी, प्लेअर जरूर घ्या, आईसाठी तोच सोपा. पण कॉपी आधी करा. प्लेअर उद्याही मिळेल, डिस्क थांबेलच असं नाही.