कऱ्हाडवरून गेलेली सावली

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणात चंद्राची गडद सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर चढली आणि कऱ्हाडवरून ईशान्येला जेऊरकडे सरकली. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर, जेऊरला कॅम्पबेल आणि पुण्याचे नायगामवाला हे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी रोखून होते. सावलीच्या पट्ट्यात भरदुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार झाला. सांगली मात्र पट्ट्याच्या दक्षिणेला राहिली; तिथे खंडग्रासच.

एवढासा चंद्र सूर्याला झाकतो कसा? सूर्याचा व्यास चंद्राच्या जवळपास 400 पट आहे आणि तो दूरही साधारण तितक्याच पटींनी. म्हणून आकाशात दोघे सारखेच भासतात, जेमतेम अर्ध्या अंशाचे. पौर्णिमेला हात लांब करून हरभऱ्याचा दाणा धरून बघा: अख्खा चंद्र त्यामागे दडतो! (हा प्रयोग सूर्यावर कदापि करू नका.)

पण ही बरोबरी काटेकोर नाही. चंद्र जवळ-दूर होतो, तसा त्याचा भासमान व्यास 29 ते 33 कलांच्या दरम्यान बदलतो (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, त्यामुळे तेव्हा सूर्यबिंब वर्षातले सर्वांत मोठे, साडेबत्तीस कलांचे. 1898 साली जवळ आलेल्या चंद्राने तेही झाकले. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात सूर्य जवळजवळ तेवढाच होता, चंद्र मात्र दूर, म्हणून लहान. मंगळुरू-कासरगोडला सूर्याचे कंकण दिसले; सातारा-सांगलीत सूर्याची कोर उरली.

मंगळावरून तर त्याचा चंद्र फोबोस सूर्याला कधीच पुरता झाकू शकत नाही. आपल्याला लाभलेला हा मेळ खरोखर दुर्मीळ आहे, आणि तोही कायमचा नाही: चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर जातो आहे.