वीणेची तार आणि नकाराचा शब्द

निवासी शाळेत वाढलेल्या मुलामुलींचे कौतुक करताना दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘कोणत्याही कामाला नाही म्हणत नाही’ हे पहिले, आणि ‘जे करील ते अगदी बिनचूक करील’ हे दुसरे. पहाटेची वंदना, आवाराची स्वच्छता, भोजनगृहातील वाढप आणि सायंकाळचा अभ्यास अशा दिनक्रमातून अंगी बाणलेली ही शिस्त पुढील आयुष्यात उपयोगी पडते, यात शंका नाही. परंतु याच दोन गुणांना मर्यादा राहिली नाही, तर ते माणसाला आतून पोखरू लागतात. नकार देता न येणे आणि परिपूर्णतेचा अट्टहास ही वरवर वेगळी वाटणारी दोन लक्षणे एकाच मुळातून उगवतात, आणि त्यांवरील उपायही बराचसा एकच आहे. माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्या हाती ही स्मरणिका जाणार असल्याने या विषयाची येथे थोडी सविस्तर मांडणी करीत आहे.

चांगले आणि निर्दोष

काम चांगले व्हावे ही इच्छा आणि ते निर्दोषच असले पाहिजे हा अट्टहास, यांत मोठे अंतर आहे. इच्छेचे लक्ष कामाकडे असते. अक्षर वाचता यावे, गणिताची रीत समजावी, भाकरी करपू नये, एवढेच तिचे मागणे असते. चूक झाली तर ती दुरुस्त करून माणूस पुढे जातो. अट्टहासाचे लक्ष मात्र सतत स्वतःच्या लायकीकडे लागलेले असते. तेथे प्रत्येक चूक हा स्वतःविरुद्धचा पुरावा ठरतो. एका खाडाखोडीसाठी वहीचे पान फाडून पुन्हा पहिल्यापासून लिहिणारे मूल, पहिल्या प्रश्नाचे उत्तर सजविण्यात वेळ घालवून शेवटचे दोन प्रश्न कोरे ठेवणारा परीक्षार्थी, मजकूर मनासारखा उतरत नाही म्हणून अर्जाची मुदत उलटू देणारी पदवीधर तरुणी, ही सर्व त्याचीच रूपे होत. अशांना आपण कधी हळवे तर कधी आळशी म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्यांचे काम भीतीने अडलेले असते. जे काम सुरूच केले नाही त्यात चूक निघू शकत नाही, हा त्या टाळाटाळीमागचा न बोललेला हिशेब असतो.

नकार न देता येण्यामागेही हाच हिशेब असतो. भिडस्त माणूस ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘बघतो’, ‘करू या’, ‘सवड झाली की सांगतो’ असे शब्द वापरतो. विचारणारा त्याचा अर्थ होकार असा घेतो, सांगणाऱ्याच्या मनात मात्र नकार असतो. शेवटी काम रखडते, संबंध बिघडतो, आणि ज्या नाराजीच्या भीतीने नकार टाळला ती दुप्पट होऊन पदरी येते. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात ते उगीच नव्हे. दोन्ही ठिकाणी मनात एकच समजूत घर करून असते. लोक मला जवळ करतात ते मी उपयोगी पडतो आणि चुकत नाही म्हणून. ज्या दिवशी मी चुकेन किंवा नाही म्हणेन, त्या दिवशी माझे स्थान जाईल, अशी ती समजूत.

पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या अट्टहासाचे तीन प्रकार वेगळे करून दाखविले. स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा करणे हा पहिला, इतरांकडून तशी अपेक्षा करणे हा दुसरा, आणि समाज आपल्याकडून निर्दोषतेचीच अपेक्षा करतो असे सतत वाटत राहणे हा तिसरा. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील 1989 ते 2016 या काळातील 41,000 हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून तपासली. तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वाधिक वाढ तिसऱ्या प्रकारात आढळली.

आपल्याकडे हा भार अधिक का?

ही माहिती दूरच्या देशांतील असली, तरी तिसऱ्या प्रकाराचे वर्णन वाचताना आपल्या घरातील पहिल्या पिढीतील शिकणारे मूल डोळ्यांसमोर उभे राहते. त्याच्या निकालाकडे आईवडील, भावकी, वस्ती आणि वसतिगृह सारेच डोळे लावून असतात. वर्गात किंवा कार्यालयात ते चुकले, तर ती चूक त्याच्या एकट्याच्या नावावर लागत नाही. ‘हे लोक असेच’ हा शेरा साऱ्या समाजावर बसतो. इतरांना चुकण्याची जी सवलत आहे ती आपल्याला नाही, हा त्याचा अनुभव खोटा नसतो. म्हणूनच ‘एवढे मनाला लावून घेऊ नकोस’ हा उपदेश त्याला पोकळ वाटतो.

कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला एक प्रयोग या संदर्भात मोलाचा आहे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहावी-सातवीतील तथाकथित उच्च जातींच्या 321 आणि दलित समाजातील 321 मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडविण्यास दिली होती. कोणाचीही जात जाहीर केलेली नव्हती, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत विशेष फरक दिसला नाही. जात सर्वांसमोर उच्चारली गेली, तेव्हा मात्र दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती, मुलांची बुद्धीही तशीच होती. भोवतालच्या नजरेचे भान तेवढे बदलले होते. अशा ओझ्याखाली असलेल्या मुलाला ‘आणखी कष्ट कर, आणखी बिनचूक हो’ असे सांगणे म्हणजे ताणलेली तार आणखी ताणणे होय.

यात कृतज्ञतेचीही भर पडते. नोकरी लागलेल्या मुलाकडे भाचीची फी, धाकट्याचे लग्न, मंडळाची वर्गणी, जयंतीच्या कार्यक्रमाची जबाबदारी, संस्थेचे पद अशा मागण्या एकामागून एक येतात. यांतील प्रत्येक मागणी रास्त असू शकते. समाजाचे ऋण फेडावे ही शिकवण आपण शिरोधार्य मानतो. परंतु फेडणारा माणूसच खचला तर ऋण फिटत नाही, एवढे भान सर्वांनी ठेवावयास हवे.

नकाराचा वारसा

ज्या समाजातील तरुणांना आज नकार जड जातो, त्या समाजाची उभारणीच नकारातून झाली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मार्च 1927 मधील महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडून देण्याचा उपदेश केला. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची कामे वेळीअवेळी, अत्यल्प मोबदल्यात करावी लागत. कोणत्या कामाला नाही म्हणावे याची मर्यादाच त्या व्यवस्थेत नव्हती. जिला मर्यादा नाही अशी सेवा गुलामीच होऊन बसते, हे त्या लढ्यातून शिकण्यासारखे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी कित्येक नकारार्थी आहेत. पंचशीलातील पाचही शिले विरत राहण्याची, म्हणजे एका अर्थी नकाराचीच आहेत. नकार देणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत आपल्या परंपरेला धरून नाही.

सोणाची कथा

परिपूर्णतेचा अट्टहास आणि नकार हे दोन्ही एकाच व्यक्तीच्या जीवनात पाहावयाचे असतील, तर विनयपिटकाच्या महावग्गात आलेली सोण कोळिविस याची कथा पाहावी. चंपा नगरीतील अतिशय श्रीमंत घरातला हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि राजगृहाजवळील सीतवनात साधना करू लागला. चंक्रमण करता करता त्याच्या तळव्यांतून रक्त वाहिले, वाट रक्ताने माखली, तरी चित्त मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात आले की, एवढे करूनही साधत नसेल तर घरी परतून संपत्तीचा उपभोग घ्यावा आणि पुण्यकर्मे करावीत. एक तर सर्व, नाही तर काहीच नको, ही झेप या अट्टहासाची नेमकी खूण आहे. पाय रक्तबंबाळ करणे आणि वाटच सोडून देणे यांच्या मध्ये काही असू शकते, हे त्याला दिसत नव्हते.

तथागतांनी त्याला त्याच्याच ओळखीच्या वस्तूवरून समजावले. गृहस्थ असताना सोण वीणा उत्तम वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय, फार सैल सोडल्या तर वाजते काय, असे विचारून त्यांनी त्यालाच उत्तर द्यावयास लावले. अति ताणाने चित्त अस्वस्थ होते, अति सैलपणाने आळस येतो, म्हणून प्रयत्नाची मात्रा जुळवावी, असा तो बोध होता. ध्येय खाली आण असे बुद्धांनी सांगितले नाही, प्रयत्न सोड असेही सांगितले नाही. वीणा वाजविणाऱ्याला ठाऊक असते की तार एकदा जुळवून भागत नाही; ती पुन्हा पुन्हा जुळवावी लागते.

कथेचा उत्तरार्ध तितकासा परिचित नाही. सोण पुढे अर्हत झाला. त्याची सुकुमार प्रकृती पाहून बुद्धांनी त्याला एका तळाची पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली. सोणाने ती सवलत नाकारली. एवढी संपत्ती सोडून आलेला हा माणूस आता पादत्राणांत गुंतला असे लोक म्हणतील. भिक्खुसंघाला अनुमती मिळाली तर मीही वापरीन, एरवी नाही, असे त्याने सांगितले. बुद्धांनी ते ऐकून घेतले आणि साऱ्या संघाला एका तळाच्या पादत्राणांची अनुमती दिली. ज्याने स्वतःच्या पायांतले रक्त पाहूनही थांबण्याचे नाकारले होते, तोच पुढे आपल्या गुरूला आदराने नाही म्हणू शकला. त्या नकाराचा लाभ सर्वांना झाला.

नकार द्यावा कसा?

सोणाच्या नकारात चार गोष्टी होत्या. तो स्पष्ट होता, त्याला थोडक्यात कारण होते, त्यात पर्याय होता, आणि त्याने नाते तुटले नाही. आपल्या रोजच्या बोलण्यात तो असा उतरू शकतो: ‘दादा, या महिन्यात माझ्याकडून पाच हजार होणार नाहीत, दोन हजार देऊ शकेन.’ ‘मॅडम, हे काम घेते, पण मग आधीचा अहवाल सोमवारी होणार नाही. दोहोंपैकी आधी कोणते हवे?’ ‘सचिवपद मला झेपणार नाही, जयंतीच्या दिवशी दोन तास पुस्तकांचा स्टॉल मात्र सांभाळीन.’ तत्काळ उत्तर देणे जड जात असेल तर ‘उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो’ असे म्हणावे, आणि उद्या संध्याकाळी खरोखर सांगावे. खोटी सबब देऊ नये. ती सांभाळण्यासाठी दुसरी सबब शोधावी लागते.

परिपूर्णतेच्या बाबतीत काम सुरू करण्यापूर्वीच ‘किती झाले म्हणजे पुरे’ हे ठरविणे उपयोगी पडते. औषधाची मात्रा, बँकेचा खाते क्रमांक, विजेची जोडणी येथे चूक चालत नाही. तेथे पुन्हा पुन्हा तपासणे योग्यच. सूचनाफलकाची सजावट किंवा सरावाची वही यांना तो नियम लावण्याचे कारण नाही. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला वेळ वाटून घ्यावा आणि वेळ संपताच पुढे सरकावे, कारण साधारण लिहिलेल्या उत्तराला काही तरी गुण मिळतात, कोऱ्या पानाला मिळत नाहीत. कच्चा मसुदा विश्वासू मित्राला लवकर दाखवावा. अपुरे काम कोणी पाहिले तरी आपले काही बिघडत नाही, हे अनुभवानेच पटते.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

सोणाचा नकार फळला, कारण ऐकणारा तो ऐकून घेणारा होता. म्हणून या विषयातील अर्धी जबाबदारी पालक, शिक्षक आणि वरिष्ठांची आहे. 92 गुण घेऊन आलेल्या मुलीला ‘आठ कुठे गेले?’ असे विचारले, की तिला मिळालेल्या गुणांपेक्षा गेलेलेच मोजण्याची सवय लागते. ‘कोणता भाग अवघड गेला?’ हा प्रश्न तिला बोलते करतो. मोठ्यांना कधीच नाही म्हणू नये असे बजावलेले मूल, त्याच्याशी वाईट वागू पाहणाऱ्या मोठ्या माणसालाही नाही म्हणू शकत नाही. त्याचा नकार घरात आणि वसतिगृहात ऐकला जाणे हा त्याच्या सुरक्षिततेचा भाग आहे. आणि ते तरीही गप्प राहिले, तर दोष त्याचा कधीच नसतो.

प्रत्येक नकाराची किंमत सारखी नसते, हेही मान्य केले पाहिजे. कंत्राटी कामगाराने मुकादमाला नाही म्हणणे आणि कायम नोकरीतील अधिकाऱ्याने सहकाऱ्याला नाही म्हणणे, यांची तुलना होत नाही. जेथे एकट्याचा नकार चिरडला जाईल तेथे सोबत हवी, संघटना हवी, कायद्याचा आधार हवा. महाडचा नकार सामूहिक होता, तो याचसाठी. तसेच झोप उडणे, जेवण तुटणे, जगणे नको वाटणे अशी लक्षणे दिसू लागली, तर उपदेश पुरेसा नाही. अशा वेळी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. केंद्र शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

स्मरणिकांतून यशाच्या कहाण्या छापल्या जातात, आणि त्या छापल्या जाव्यातच. पण वसतिगृहात त्या वाचणाऱ्या आठवीतल्या मुलाला त्यांत पदे आणि पदव्याच दिसतात, वाटेतले अडखळणे दिसत नाही. माजी विद्यार्थ्यांनी मेळाव्याला आल्यावर त्याला न सुटलेल्या पेपरविषयी, दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्या परीक्षेविषयी आणि विचारपूर्वक नाकारलेल्या कामाविषयीही सांगावे. आपण चुकलो किंवा नाही म्हणालो, तरी या आवारातील आपली जागा जात नाही, हे त्याला त्यांच्याच तोंडून कळावे.