गव्हातले तण, गाठीतला पुरावा

क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, बल्गेरिया, रोमानिया. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत मूत्रपिंडाचा एक आजार पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून होता. एका गावात घरोघरी रुग्ण, तर शेजारच्या गावात एकही नाही. मूत्रपिंडे हळूहळू आक्रसत जात. रुग्णांपैकी अनेकांना पुढे मूत्रवाहिनीचा कर्करोग होई, जो एरवी फारसा आढळत नाही. १९५० च्या दशकात या आजाराची रीतसर नोंद झाली आणि मग विहिरीचे पाणी, धान्यावरची बुरशी, विषाणू, आनुवंशिकता अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

खरा गुन्हेगार शेतातच होता. तिथल्या गव्हात ॲरिस्टोलोकिया नावाचे तण माजते. कापणीत त्याच्या बिया धान्यात येत, दळल्या जात आणि रोजच्या पावात उतरत. ही शंका १९६९ मध्येच मांडली गेली होती. पण तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी दिलेल्या वनौषधींनी शंभराहून अधिक जणांची, त्यातही मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे बिघडली. एका चिनी वनस्पतीच्या जागी, नावातल्या साधर्म्यामुळे, ॲरिस्टोलोकियाची एक जात त्या औषधात गेली होती. तेव्हा कुठे दोन्ही प्रकरणांचा धागा जुळू लागला.

पण धागा जुळणे वेगळे आणि पुरावा हाती येणे वेगळे. तो पुरावा गाठीच्या डीएनएत मिळाला. या वनस्पतीतले आम्ल शरीरात गेले की त्यापासून तयार झालेला रेणू डीएनएतल्या ‘ए’ या अक्षराला चिकटतो. पेशी विभागताना नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडखळते आणि ‘ए’च्या जागी ‘टी’ येऊन बसतो. तोही बहुधा ‘सी’ आणि ‘जी’ यांच्या मधला: सी-ए-जीचे सी-टी-जी. इतर कर्करोगांत असा बदल इतक्या प्रमाणात दिसत नाही. जनुकाच्या ज्या धाग्यावरून पेशी संदेश वाचते, तिथला बिघाड ती लवकर दुरुस्त करते. म्हणून दुसऱ्या धाग्यावर अशा चुका जास्त साचतात. २०१३ मध्ये दोन संशोधक गटांनी तैवानच्या रुग्णांच्या गाठींत हा ठसा दाखवला. त्यांतल्या बदलांची घनता धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगापेक्षाही जास्त निघाली.

तैवानमध्ये हे विष पावातून नव्हे, औषधातून आले. १९९७ ते २००३ या काळात तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना अशी वनस्पती असलेली औषधे लिहून दिली गेली होती. २००३ मध्ये बंदी आली. तरीही २०१७ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या ९८ गाठी तपासल्या, तेव्हा ७८ टक्के गाठींत तोच ठसा निघाला. यकृताच्या रुग्णाला या औषधाबद्दल विचारावे, हे तोवर कोणाच्या मनात सहसा आलेही नसेल. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होत नाही’ असे बेफिकिरीने म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. आपल्याकडे सर्पदंशावर देतात ती सापसंदाची वेल याच प्रजातीतली आहे आणि हे आम्ल तिच्यातही असते.

सगळीकडे असा उलगडा होत नाही. अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण देशादेशांत कमालीचे वेगळे असते. म्हणून आठ देशांतल्या ५५२ गाठींचे जीनोम वाचले गेले. २०२१ मध्ये निष्कर्ष आला तो असा, की ठसे जवळपास सारखेच आहेत. ज्या कारणाने रुग्ण वाढतात, ते प्रत्येक वेळी डीएनएवर खूण उमटवतेच असे नाही. याला मी अपयश म्हणणार नाही. कुठे शोधू नये, एवढे तरी त्यातून कळले.

२०२४ मध्ये अकरा देशांतल्या मूत्रपिंडाच्या ९६२ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोमानिया आणि सर्बियात ॲरिस्टोलोकियाचा ठसा अपेक्षितच होता, तो थायलंडमध्येही निघाला. जपानमधल्या ७० टक्क्यांहून अधिक गाठींत मात्र एक निराळाच ठसा होता, जो इतर देशांत दोन टक्क्यांतही नाही. जपानी लोकांच्या खाण्यापिण्यात, औषधांत किंवा परिसरात असे काय आहे, हे आता तिथल्या घराघरांत जाऊन विचारावे लागेल.